सुई लावून घेण्याआधी विचारायचे प्रश्न

माजलगावच्या बसस्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बायकांत एखादी तरुण मुलगी ओढणीने अर्धे तोंड झाकून बसलेली दिसते. ऊन असते, धूळ असते, त्यामुळे कुणी काही विचारत नाही. पण आमच्या ओळखीच्या एका मुलीची ओढणी भर पावसाळ्यातही तोंडावरून उतरत नव्हती. बारावी झालेली, कापडाच्या दुकानात हिशेबाला बसणारी हुशार पोर. हनुवटीवर आणि गळ्यापाशी काळे, जाड केस. घरातले उठायच्या आत, पहाटे आरशापुढे बसून चिमट्याने ती ते उपटायची. दोन दिवसांत ते पुन्हा दिसायला लागत.

तिच्या आईने शेवटी एका मावशीजवळ मन मोकळे केले. "काय सांगू बाई, पोरगी कुणाला तोंड दाखवंना. लग्नाचं नाव काढलं की रडत बसती. देवानं काय करून ठेवलं म्हून म्या बी रडते."

मावशी म्हणाली, "रडू नको. शहरात मशीननं कायमचं काढत्यात म्हणं. जाहिरात वाचली म्या."

मायलेकी शहरात गेल्या. 'कायमचे केस दूर' अशी मोठी पाटी होती. आत थंड हवा, गुळगुळीत फरशी, पांढरा कोट घातलेली बाई. दहा बैठकांचे पैसे आधी भरून घेतले. ते पैसे बचत गटातून उचललेले होते. चार बैठका झाल्या. हनुवटीवर काळे डाग उमटले, दोन ठिकाणी बारीक खड्डे पडले आणि केस होते तिथेच राहिले. पाचव्या बैठकीला गेल्या तर दाराला कुलूप. बचत गटाचे हप्ते मात्र पुढे वर्षभर चालू होते.

या मुलीची चूक कोणती? चेहऱ्यावरचे केस काढावेसे वाटले ही चूक नव्हे. तो जिचा तिचा प्रश्न आहे. त्या मायलेकींनी पैसे मोजण्याआधी समोरच्या बाईला एकही प्रश्न विचारला नाही. "आपण खेड्यातल्या, त्यांना काय विचारावं?" असे त्यांना वाटले. काय विचारावे, कुणाला विचारावे आणि कोणते उत्तर मिळाले तर उठून घरी यावे, हे आपल्या भगिनींना माहीत असावे म्हणून हा लेख.

आधी केस का आले ते शोधा

स्त्रीच्या ओठावर, गालावर बारीक, मऊ लव असते. ती सर्वांनाच असते, कुणाला कमी, कुणाला जास्त. आई, आजी, आत्या यांना असेल तर मुलीलाही येते. त्यात आजार काही नाही. परंतु हनुवटी, गळा, छाती, पोटाची मधली रेषा अशा पुरुषांना केस येतात त्या जागी काळे, राठ केस येऊ लागले तर त्याला वैद्यकशास्त्रात वेगळे नाव आहे आणि त्यामागे बहुतेक वेळा काही कारण असते.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पीसीओएस. यात बीजकोशातून दर महिन्याला बीज नीट बाहेर पडत नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने पुढे जाते, वजन वाढते, तोंडावर पुटकुळ्या येतात आणि शरीरात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढून केस येतात. मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहा बायकांत एकीला हा त्रास असतो. पाळी जाण्याच्या वयातही हनुवटीवर चार-दोन राठ केस उगवतात. फिट्स येतात म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी किंवा स्टिरॉईडच्या औषधांनीही केस वाढतात.

स्टिरॉईडची एक चोरवाट मात्र आपल्या घराघरात आहे. ती म्हणजे गोरे होण्यासाठी, डाग जाण्यासाठी दुकानातून आणलेली मलमाची नळी. अशा अनेक नळ्यांत स्टिरॉईड असते. सुरुवातीचे काही दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते आणि त्याच चेहऱ्यावर केस उगवतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती मिळतात. आपल्या घरात तशी नळी असेल तर आधी ती डॉक्टरांना दाखवा. पुष्कळ दिवस लावलेले मलम एकदम बंद केले तर चेहरा भडकतो, म्हणून ते कसे थांबवायचे हेही त्यांनाच विचारा.

कारण शोधायचे ते अशासाठी. इलेक्ट्रोलिसिसची सुई आज असलेल्या केसाचे मूळ जाळते. उद्या येणाऱ्या केसाचे ती काही करू शकत नाही. आत संप्रेरकांचा बिघाड तसाच राहिला तर शेजारच्या मुळातून नवा केस उगवेल आणि आपण वर्षानुवर्षे पैसे भरत राहू. आत औषध आणि बाहेर सुई, असे दोन्ही चालले म्हणजे फळ मिळते. औषधाचा गुण दिसायलाही सहा महिने लागतात, म्हणून महिनाभरात ते सोडू नये.

तपासणीसाठी पहिले ठिकाण माजलगावचे ग्रामीण रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. तिथून चिठ्ठी घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग आणि स्त्रीरोग या दोन्ही विभागांत दाखवता येते. डॉक्टरांना पाळीच्या तारखा सांगा, चालू असलेली सगळी औषधे सांगा. त्यांना गरज वाटली तर ते रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी सांगतील. लाजून अर्धे सांगू नका. त्यांनी असे कितीतरी रुग्ण पाहिलेले असतात.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. केस दोन-चार महिन्यांत एकदम भराभर वाढले, आवाज पुरुषासारखा जाड झाला, कपाळावरचे केस विरळ झाले, पाळी बंद पडली, असे झाले तर पार्लरचा विचारही करू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात जा. क्वचित बीजकोशात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असल्यामुळे असे होते.

सुई नेमके काय करते

ही विद्या नवी नाही. 1875 साली अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातील डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी ती प्रथम प्रसिद्ध केली. काही रुग्णांच्या पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला टोचत. उपटले तरी ते पुन्हा येत. डॉक्टरांनी केसाच्या मुळाशी बारीक तार घालून विजेचा अगदी मंद प्रवाह सोडला आणि केस पुन्हा आला नाही. आजही तत्त्व तेच आहे.

केस ज्या बारीक नळीतून वर येतो त्या नळीत केसाइतकीच बारीक सुई सरकवतात. कातडीला नवे भोक पाडायचे नसते. मग वीज सोडतात. तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मंद, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असतो. त्यामुळे मुळाशी असलेल्या मीठ-पाण्यापासून कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ विरघळवतो. हे काम सावकाश चालते, एका केसाला मिनिटभरही लागू शकते. दुसऱ्या प्रकारात झपाट्याने दिशा बदलणाऱ्या विजेच्या उष्णतेने मूळ भाजले जाते. याला काही क्षण पुरतात. तिसऱ्या प्रकारात दोन्ही एकत्र असतात. तिन्ही प्रकार चांगल्या हातात गुण देतात. आपल्यासाठी कोणता आणि का, एवढे मात्र विचारावे.

सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढीला लागलेले, काही गळायला आलेले, काही मुळात झोपलेले असतात. वाढीला लागलेल्या केसाचेच मूळ सुईला पुरते सापडते. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा जावे लागते. सुरुवातीला आठवड्याने किंवा पंधरवड्याने, पुढे महिन्याने, असे करत राठ केसांच्या हनुवटीला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. एका बैठकीत किंवा महिन्याभरात कायमचे केस घालवतो असे जो सांगतो तो खोटे बोलतो.

लेसर की सुई?

हा प्रश्न सर्वजणी विचारतात. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग शोधतो आणि तिथे उष्णता निर्माण करतो. मोठी जागा थोड्या वेळात होते हा त्याचा फायदा. परंतु आपली कातडी सावळी, काळी. तिच्यातही तोच रंग आहे. चुकीचे यंत्र किंवा चुकीची मात्रा असली तर कातडीच भाजते आणि पांढरे किंवा काळे चट्टे पडतात. सावळ्या कातडीला एनडी-याग नावाचे लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित मानले जाते. तेही त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पांढऱ्या केसावर आणि बारीक भुऱ्या लवेवर लेसर चालत नाही. काही स्त्रियांना, विशेषतः पीसीओएस असलेल्यांना, चेहऱ्यावर लेसर केल्यानंतर आजूबाजूचे केस उलट वाढलेले दिसतात.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमांत लेसरने केस 'कायमचे कमी' होतात आणि इलेक्ट्रोलिसिसने 'कायमचे काढले' जातात, असा फरक केलेला आहे. पण सुईचे काम एक-एक केस धरून चालते. हजारभर केस असतील तर हजार वेळा सुई. म्हणून काही डॉक्टर दाट जागा आधी लेसरने विरळ करून उरलेल्यांना सुई लावतात. केस मोजके असतील, पांढरे असतील, तर सरळ सुईच बरी.

कुणाच्या हाती चेहरा द्यावा?

आपल्या देशात डॉक्टरची जशी सरकारी नोंदणी असते, तशी इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्यांची वेगळी नोंदणी नाही. त्यामुळे यंत्र विकत घेऊन कुणीही पाटी लावू शकतो. काम करणारी व्यक्ती डॉक्टर असेल तर तिच्या नोंदणीचा क्रमांक विचारा. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहता येतो. नावापुढे त्वचारोगाची एम.डी., डी.व्ही.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. अशी पदवी-पदविका आहे का ते पाहा. पांढरा कोट म्हणजे पदवी नव्हे. डॉक्टर नसलेल्या पण शिकलेल्या, हात बसलेल्या बायकाही हे काम उत्तम करतात. त्यांचे प्रमाणपत्र वाचा. किती महिन्यांचे शिक्षण, हाताने किती सराव, किती वर्षे काम, हे विचारा. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्याशी जोडलेली बाई मिळाली तर सर्वांत चांगले, कारण काही बिघडले तर डॉक्टर तिथेच असतात.

पहिल्या भेटीत कामाला सुरुवात करू देऊ नका. नुसते बोला आणि बघा. खालील गोष्टींची यादी कागदावर लिहून न्या.

एक. सुई कोणती वापरता? ती एकदाच वापरायची, बंद पाकिटातली हवी आणि ते पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडले पाहिजे. "आम्ही स्पिरिटने पुसतो" हे उत्तर मिळाले तर उठा. एकीची सुई दुसरीला लागली तर यकृताची कावीळ आणि एड्ससारखे आजार पसरण्याचा धोका असतो. स्पिरिटने पुसून तो धोका टळत नाही.

दोन. चिमटा कसा स्वच्छ करता? शस्त्रक्रियेची हत्यारे वाफेच्या दाबाखाली ज्या यंत्रात निर्जंतुक करतात ते यंत्र, ऑटोक्लेव्ह, दाखवा म्हणावे. हातात दर रुग्णाला नवे हातमोजे हवेत. खाटेवरची चादर स्वच्छ हवी. उजेड भरपूर आणि डोळ्यावर मोठे करून दाखवणारे भिंग हवे. भिंगाशिवाय केसाच्या नळीत नेम लागत नाही.

तीन. त्या आपल्याला काही विचारतात का? चांगली जाणकार बाई पाळी, मधुमेह, गर्भ, हृदयाला बसवलेले पेसमेकर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जुन्या जखमेचा वण फुगून गाठ होण्याची सवय, या सर्वांची चौकशी करते. काही न विचारता जी थेट पैशावर येते तिला आपल्या चेहऱ्याची काळजी नाही. वण फुगण्याची सवय असेल तर आपण होऊन सांगा. पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वीज लावून घेऊ नका.

चार. आधी थोड्या जागेवर करून पाहाल का? जबड्याखाली, दिसणार नाही अशा जागी दहा-पंधरा केस काढून घ्यावेत आणि दोन-तीन आठवडे थांबावे. डाग किंवा खड्डा राहिला नाही तर पुढे जावे. एवढे थांबायची ज्यांची तयारी नाही त्यांच्याकडे जाऊ नये.

पाच. किती दिवस लागतील? खरे बोलणारी बाई आकडा ठोकून सांगत नाही. "इतके महिने लागू शकतात, औषध चालू ठेवा, थोडे केस परत येतील" असे ती सांगते.

सहा. पैसे कसे? जितकी मिनिटे काम तितके पैसे, आणि ते त्या-त्या दिवशी, ही पद्धत आपल्यासाठी बरी. दहा-वीस बैठकांचे पैसे एकदम भरू नका, मग सूट कितीही देवोत. प्रत्येक वेळी पावती घ्या.

सात. आधी इथे आलेल्या एखाद्या बाईशी बोलता येईल का? भिंतीवरच्या फोटोंपेक्षा एका खऱ्या बाईची हनुवटी जास्त सांगते.

काम चालू असताना स्वतःच ओळखा

सुई नळीत नीट गेली तर टोचल्याचे फारसे जाणवत नाही. वीज सोडताना चटका किंवा मुंगी चावल्यासारखे वाटते. मग चिमट्याने केस अलगद, लोण्यातून निघाल्यासारखा बाहेर येतो. केस ओढून, तडकन उपटला जात असेल तर मूळ मेलेलेच नाही. ते काम पहाटे आरशापुढे फुकट होत होते. लागून असलेले केस एकामागून एक काढू नयेत. अंतर ठेवून काढावेत, नाहीतर उष्णता एका जागी साठून कातडी जळते. चामखीळ किंवा तिळावरच्या केसाला डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय सुई लावू नये. दुखणे सहन होत नसेल तर थांबा म्हणावे. मात्र बधिर करणारे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे.

नंतर काही तास लाली आणि थोडी सूज राहते. काहींना बारीक खपल्या धरतात. त्या नखाने काढू नयेत, आपोआप पडू द्याव्यात. पहिला दिवस साबण, हळद, पावडर, क्रीम काही लावू नये. स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवावी. उन्हापासून चेहरा जपावा, कारण ताज्या जागेवर ऊन लागले की आपल्या कातडीवर काळा डाग लवकर धरतो. पू झाला, जागा गरम होऊन ठणकू लागली किंवा ताप आला तर दवाखाना गाठावा.

दोन बैठकांच्या मधे चिमटा, दोरा, वॅक्स बंद. मुळासकट उपटलेला केस सुईला सापडतच नाही. दिसायला नको असतील तर कात्रीने कापा किंवा वस्तऱ्याने साफ करा. "वस्तरा लावला की केस जाड होतात" ही समजूत चुकीची आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढेच. बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी मात्र वस्तराही बंद ठेवावा, म्हणजे चिमट्यात धरण्यापुरता केस वर येतो. विजेचा चिमटा केसाला धरला की मूळ जाते अशी घरगुती यंत्रे विकली जातात. त्याने केस कायमचे गेल्याचा पुरावा नाही.

आपल्या हातात बसेल असा हिशेब

हे काम बहुधा मोठ्या शहरातच मिळते. माजलगावहून बीड किंवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून बैठकीच्या दरात प्रवास आणि बुडालेली मजुरी मिळवून खरा खर्च काढा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा उपयोग होतो. वर्षभराचा हिशेब कागदावर मांडा आणि झेपेल तेवढीच जागा आधी घ्या. पुष्कळ मुलींना सगळ्यात जास्त हनुवटी सलते. तेवढीच पहिल्या वर्षी करावी.

ज्या घरातून माणसे ऊसतोडीला जातात तिथे आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की उन्हाळ्यापर्यंत परतणे नाही. मधे पाच-सहा महिने खंड पडला तर काम वाया जात नाही, मेलेले मूळ मेलेलेच राहते, पण पूर्ण व्हायला उशीर लागतो. हे सुरुवातीलाच सांगून बैठका ठरवाव्यात. मुकादमाकडून यासाठी उचल घेऊ नका. चेहऱ्यापायी एका हंगामाचे श्रम गहाण पडू नयेत.

आपल्या बीड जिल्ह्याने एक कडू धडा घेतलेला आहे. ऊसतोड बायकांची गर्भाशये सर्रास काढली जातात अशी ओरड झाल्यावर 2019 साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात 82,309 महिलांची पाहणी झाली. त्यात 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यातल्या कितीतरी जणींनी "काढावे लागेल" एवढे ऐकले आणि कर्ज काढून पैसे भरले. का काढायचे, दुसरा उपाय आहे का, नंतर काय त्रास होईल, हे त्यांना कुणी सांगितले नाही आणि विचारायचे धाडस त्यांना झाले नाही. गर्भाशयापुढे हनुवटीचे केस लहान गोष्ट आहे. पण विचारायची सवय लहान गोष्टीतच लागते.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. पावत्या, जाहिरात, चेहऱ्याचे फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आणि घरातल्यांना दोन शब्द

2024 साली उत्तर प्रदेशात एक मुलगी दहावीच्या परीक्षेत 98.50 टक्के गुण मिळवून राज्यात पहिली आली. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला आणि हजारो लोकांनी तिच्या गुणांऐवजी ओठावरच्या केसांची चर्चा केली. तिच्याएवढ्या मुली आपल्याही वस्तीत आहेत. त्यांना "मिशीवाली" म्हणणारे बाहेरचे कमी, घरातले भाऊ, चुलते, आत्याच जास्त असतात. भावांनो, ही चेष्टा थांबवा. आणि आयांनो, "लग्न जमायचं नाही" या धाकाने मुलीला सुईखाली बसवू नका. तिला काढायचे असतील तर तिच्याबरोबर जा, नको असतील तर तसे राहू द्या. पाळी अनियमित असेल तर मात्र तपासणी चुकवू नका. पुढे मधुमेह होणे, मूल राहायला अडचण येणे, हे धोके केसांपेक्षा मोठे आहेत.

सुरुवातीला जिची हकिगत सांगितली ती मुलगी नंतर अंबाजोगाईला गेली. तिची पाळी चार-चार महिने येत नव्हती, हे आईलाही तेव्हाच कळले. औषध सुरू झाले. आठ महिन्यांनी त्वचारोगाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिने पुन्हा सुईची चौकशी केली. या वेळी हातात वहीचे पान होते. तिने सुईचे पाकीट पाहायला मागितले, ऑटोक्लेव्ह दाखवा म्हणाली, पैसे दर बैठकीला देईन म्हणाली. आई दारातच अवघडून उभी होती. "असं इचारलं तर रागावत्याल की गं." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि एकेका प्रश्नाचे उत्तर दिले.

तिचे काम अजून चालू आहे. जुने दोन खड्डे काही भरून येणार नाहीत. हनुवटी मात्र निम्म्याहून मोकळी झाली आहे आणि दुकानात ती ओढणी खांद्यावर टाकून बसते. प्रश्नांचे ते पान तिने जपून ठेवले आहे. वस्तीतल्या आणखी दोघींनी ते उतरवून नेले. आपणही उतरवून घ्यावे.